मला किडनी मिळाली, मैत्रीण अजून डायलिसिस मशीनवर आहे. आता तिच्याशी काय बोलू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी इथे नुसतं वाचायला येते, पाककृतींसाठी आणि खरं सांगायचं तर भांडणांसाठी. धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ३६. साडेतीन वर्षं डायलिसिसवर होते, सोमवार बुधवार शुक्रवार, सकाळी ७ ची शिफ्ट, ४ तास. पहिलं वर्ष मी कोणाशी बोललेच नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचं, सुया काढल्या की घरी येऊन झोपायचं. मग पेशंट लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लातूरची एक जण भेटली. तिचे पण तेच वार आणि तीच शिफ्ट. दोघींचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून मोठी केलेली नस) डाव्या हाताला, त्यामुळे उजव्या अंगठ्याने टाइप करायचं, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. तिचा बेड नंबर ४ आणि माझा ७, म्हणून ती मला सात नंबर म्हणते आणि मी तिला चार नंबर. फोनमध्येही तसंच सेव्ह आहे, एकदा नवऱ्याने विचारलं होतं ही चार नंबर कोण बाई, जेलमध्ये आहे का.

बोलायचो काय, तर वजन. "आज किती आणलंस?" "तीन दोनशे." "मेलीस, काय प्यायलीस एवढं?" "लगीन होतं गं, मठ्ठा होता." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लघवी बंद झाली की प्यायलेलं सगळं अंगातच साठतं, मधल्या दिवसांत वजन जितकं वाढलं तितकं पाणी मशीन त्या ४ तासांत ओढून काढतं, आणि जास्त ओढलं की पिंढरीत असे गोळे येतात की मोठी माणसं आईला हाका मारतात. मला दिवसाला एक लिटर होतं, तिला पाऊणच, आणि त्यात चहा, वरण, ताक सगळं धरायचं. तेही लातूरच्या मे महिन्यात. ती म्हणायची, २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं, तेव्हा गावात पाणी नव्हतं पण प्यायला बंदी तरी नव्हती.

आमचा एक नियम होता. सुया लागल्या की "लावलं" लिहायचं आणि मशीन सुटलं की "उतरले". बारा वाजले आणि तिचं "उतरले" आलं नाही की माझा जीव वरखाली. एकदा तिचं बीपी ७० वर गेलं होतं, मेसेज आला तो संध्याकाळी ५ ला, मी तोवर तीनदा दाराशी जाऊन आले होते, जसं काही ती रिक्षातून येणार होती. आणि एक खेळ होता, फिस्टुल्याला फोन लावून आवाज रेकॉर्ड करायचा. त्या नसेतून रक्त जोरात वाहतं ना, कान लावला की घुर्रर्र ऐकू येतं, रोज सकाळी हात लावून बघायचं असतं चालू आहे ना. फोनवर मात्र नुसता जुन्या फ्रीजसारखा आवाज यायचा. ती पाठवायची, फ्रीज चालू. मी पाठवायचे, फ्रीज चालू.

तर या फेब्रुवारीत आईने मला किडनी दिली. आई ५८ ची आहे, आता माझ्यापेक्षा जास्त कामं करते. ऑपरेशन छान झालं. जुन्या दोन सहसा काढत नाहीत, नवी खाली पोटात बसवतात, त्यामुळे माझ्याकडे आता तीन आहेत. डॉक्टर म्हणाले दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. मला! नवव्या दिवशी मी काही विचार न करता तिला लिहून टाकलं, "अगं आज पोटभर पाणी प्यायले, तीन ग्लास एका दमात."

तिने अंगठा पाठवला. मग पाच दिवस काही नाही.

आता चार महिने झाले. बोलणं आहे पण कसं, ती सकाळी फुलांचं सुप्रभात पाठवते, मी पण पाठवते. "बरी आहेस?" "हो, तू?" "बरी." मशीनवर असताना जे बंद असतं त्यातलं मी मुद्दाम काही सांगत नाही, केळं खाल्लं, नारळपाणी प्यायले, आईच्या हातचं टोमॅटोचं सार प्यायले, यातलं काहीच नाही. तिच्याकडे द्यायला कोणी नाही, आई नाहीये, भावाला शुगर, नवऱ्याचं बीपी जास्त म्हणून नको म्हटलं. मृत्यूनंतर दान केलेल्या किडनीसाठीच्या यादीत नाव आहे, ब्लड ग्रुप ओ. बहीण म्हणते हळूहळू संपर्क कमी कर, दोघींना बरं. मला ते पटत नाही पण रोज फोन हातात घेते आणि खरंच काय लिहावं कळत नाही. आम्ही प्रत्यक्ष एकदाही भेटलेलो नाही हेही सांगते.

कोणी यातून गेलंय का?

आरोग्यमंत्र७७

ताई, मैत्रिणीला गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा सकाळी अनशेपोटी सुरू करायला सांगा, माझ्या मेव्हण्याच्या साहेबांचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ६ वरून २ वर आलं. सकारात्मक विचार ठेवायला सांगा.

मिरजेचा_म्हातारा

आरोग्यमंत्र, साहेबांचं आलं असंल, आनंद आहे. पण जिची लघवीच बंद आहे तिला काढा म्हणजे अजून एक कप पाणी, आणि वर त्यात पोटॅशियम किती ते कुणाला ठाऊक, ते रक्तात साठलं की हृदयाला धोका. आमच्या युनिटात एक जण असाच काढा पिऊन अर्ध्या रात्री आयसीयूत आला होता. कृपा करून नको.

आता गोदाकाठ ताई तुमचं. पहिलं म्हणजे लातूरच्या ताईंना सांगा, ते २०१६ चं पाणी आम्हीच भरून दिलं होतं, बिल अजून बाकी आहे.

मी ९ वर्षं मशीनवर आहे, वय ६४, हृदय अधू असल्यामुळं माझं ट्रान्सप्लांट होणार नाही हे मला पहिल्याच वर्षी सांगितलं. म्हणजे मी यादीतही नाही, बाकावरच बसलोय असं समजा. माझा एक दोस्त होता इचलकरंजीचा, यंत्रमागवाला. शेजारचा बेड. भावानं किडनी दिली त्याला. मग हा पठ्ठ्या बोलायला लागला की तोंडात मिठाची गुळणी. काय जेवलास म्हटलं की, "काय न्हाई, आपलं नेहमीचंच." अरे नेहमीचं काय, मला माहीत आहे तुझ्या घरी रविवारी तांबडा पांढरा असतो. मला त्याच्या रश्श्याचा राग कधी आला नाही ओ. राग यायचा तो मला आजारी माणसासारखं वागवायला लागला त्याचा. दोघं आजारी होतो तवा तो मला शिव्या घालायचा, बरा झाला आणि एकदम अहो जाहो.

पुढचं सांगू का नको कळंना, पण सांगतो. सहा वर्षांनी त्याची ती किडनी गेली. परत मशीन. आणि हे त्यानं मला तीन महिने कळवलं नाही, लाजेनं. का तर भावाची किडनी वाया घालवली असं त्याच्या डोक्यात. दुसऱ्या गावच्या युनिटात जायचा, आमच्याकडं आलो तर मी बघीन म्हणून. मला कळलं तसा मी एसटी धरून गेलो आणि त्याच्या बेडशेजारी बसून आधी चार शिव्या दिल्या. मग म्हटलं, आज किती आणलंस? तो रडला, मी पण. तो आता नाही. पण शेवटचं दीड वर्ष आम्ही पहिल्यासारखे बोललो.

तुमचं तसं होईल म्हणत नाही, शंभर वर्षं चालो आईची किडनी. बाकी तुम्ही काय ते समजून घ्या.

विकास_पी

गोदाकाठ, भावना समजू शकतो, पण मला वाटतं प्रॅक्टिकल मदत जास्त उपयोगी. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ ला दुरुस्ती झाली, त्यात आजी आजोबा आणि नातवंडंही जवळच्या नात्यात आली. आणि स्वॅपही चालतं, म्हणजे समजा एकीच्या नवऱ्याचा ग्रुप जुळत नाही, दुसऱ्या जोडप्याचाही जुळत नाही, तर आपसात अदलाबदल. तिच्या नवऱ्याची दुसरीकडे परत तपासणी करून बघितली का? बीपी असलं तरी काही ठिकाणी विचार करतात. शिवाय महात्मा फुले योजनेत बसते का ते पण बघा. तुम्ही तिला हे सगळं नीट लिहून पाठवा.

गोदाकाठ

विकासजी, मनापासून धन्यवाद, पण हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. डायलिसिस योजनेतूनच चालू आहे तिचं. मला स्वॅप म्हणजे काय हे तिनेच समजावलं होतं, बेडवर पडून, चित्र काढून, उजव्या हाताने. मी आता बाहेर पडले आणि वरून तिला माहितीपत्रक पाठवू लागले तर ती मला ब्लॉक करेल आणि बरोबर करेल.

मिरजकर काका, तुमचं दोनदा वाचलं. अहो जाहो नाही केलं मी, पण सुप्रभातची फुलं म्हणजे तेच की.

विकास_पी

ओके, मान्य. मला सवय आहे, बायको पण हेच म्हणते की तुला प्रश्न सांगितला की तू लगेच पाना घेऊन येतोस.

सलाईनवाली

मी डायलिसिस टेक्निशियन, गाव सांगत नाही, नाहीतर आमचे पेशंट ओळखतील. १२ वर्षं झाली या कामाला.

एक गंमत सांगते, गंमत म्हणजे तसं बघितलं तर क्रूरच आहे. मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर डायलिसेट (रक्तातली घाण ओढून घेणारं पाणी) जातं, म्हणजे ४ तासांत १२० लिटर शुद्ध पाणी त्या फिल्टरमधून रक्ताच्या शेजारून वाहून जातं. आणि पेशंट पडल्या पडल्या मला विचारतो, ताई बर्फाचा एक खडा देता का. उन्हाळ्यात आरओच्या टाकीचा आवाज आला की माझ्या एका आजी म्हणायच्या, नदीकाठी बसवून तहानेनं मारता गं तुम्ही. त्यामुळे तुमच्या त्या "तीन ग्लास एका दमात" वर काय झालं असेल मला बरोबर कळतं. त्यात तुमची चूक आहे असं अजिबात नाही, तुम्हाला दुसरं कोणाला सांगावंसं वाटणार होतं? बाकी जगाला तीन ग्लास पाण्याचं काय.

आमच्याकडे कोणाचं ट्रान्सप्लांट झालं की सगळे टाळ्या वाजवतात, पेढे येतात (दुधातलं फॉस्फरस, आमच्या पेशंटना नको असलेलं! पण त्या दिवशी मी काही बोलत नाही) आणि मग दोन दिवस युनिट एकदम शांत असतं. टीव्हीचा आवाज पण कोणी वाढवत नाही. तिसऱ्या दिवशी त्या बेडवर नवीन माणूस येतो आणि परत सुरू. तुमच्या सात नंबरवर आता कोणीतरी आहे, आणि चार नंबर बाईंच्या फोनमध्ये साडेसात वाजता "लावलं" असं आता कोणीही लिहीत नाही. मला वाटतं पाण्यापेक्षा हे जास्त असेल. ग्रुपवरून एखादा माणूस गप्प झाला की आमच्या लोकांना एकच अर्थ माहीत असतो, तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्ही चांगल्या कारणाने गप्प झालात, पण सकाळी साडेसातला रिकामा फोन दिसायला सारखाच दिसतो.

अंजिरी_बर्फी

मी लिहू का? राग येईल कदाचित. मी तुमच्या चार नंबरच्या जागी आहे. वय २९, ठाणे, यादीत तिसरं वर्ष.

माझ्या एका मैत्रिणीचं गेल्या वर्षी झालं आणि मी तिला म्यूट केलं. अजून म्यूटच आहे. जळते मी, हो. लोक म्हणतात ना की मला तिच्यासाठी आनंदच आहे, मला पण आहे, पण ते दोन्ही एकाच वेळी असतं आणि रात्री २ ला घसा कोरडा पडतो तेव्हा आनंदाची बाजू जरा झोपलेली असते.

पण मी तिला म्यूट केलं ते पाण्यासाठी नाही हां. ती प्रत्येक मेसेजच्या शेवटी लिहायची, "तुझाही नंबर लवकर लागेल बघ." आता विचार करा, मी यादीत आहे म्हणजे माझा नंबर कसा लागणार? कोणाच्या तरी घरात अपघात होणार, कोणीतरी ब्रेनडेड होणार, त्यांची आई कागदावर सही करणार, मग माझा फोन वाजणार. "लवकर" म्हणजे काय मागतेय मी? मला दोनदा फोन आला पण, पर्यायी पेशंट म्हणून बोलावलं होतं, उपाशी जाऊन बसले, दुसऱ्याला जुळली, मी घरी आले आणि आईने काही न बोलता खिचडी टाकली. हे सगळं मला तिला सांगायचं होतं आणि ती मला "सकारात्मक राहा" चे स्टिकर पाठवत होती.

गोदाकाठ, तुम्ही निदान तसलं काही लिहिलेलं दिसत नाहीये. तुम्ही काहीच लिहिलेलं दिसत नाहीये :) तुमच्या जागी मी असते तर... नाही, माहीत नाही मी काय केलं असतं. पण तुमच्या चार नंबरच्या जागी मला, तुमच्या टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घेतात त्या गोळीची) रक्तातली लेव्हल किती आली, तोंडावर केस उगवले का, गोळ्यांनी हात थरथरतो का, आईचं पोट दुखतं का, हे ऐकायला आवडलं असतं. म्हणजे पलीकडे पण नुसतं नारळपाणी नाहीये हे कळलं असतं. आणि नारळपाणी पण ऐकायचं असतं कधीतरी. विचारल्यावर.

गोदाकाठ

राग कसला. हात थरथरतो, हो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. सकाळी ९ आणि रात्री ९, गोळ्यांसाठी मोबाईलला गजर, एकदा ४० मिनिटं उशीर झाला तर मी आणि आई दोघी रडत होतो. स्टिरॉइडने चेहरा पुरणपोळीसारखा झालाय. यातलं मी तिला एकही अक्षर सांगितलं नाही, का तर ती म्हणेल हिला एवढं मिळालं आणि ही कुरकुरतेय. म्हणजे चांगलं सांगायचं नाही आणि वाईट पण नाही, मग उरली फुलंच.

मिरजेचा_म्हातारा

मग तेच सांगा की. पुरणपोळीचा फोटो पाठवा.

अंजिरी, पोरी, खिचडीचं वाचून घशाशी आलं. कुठल्या शिफ्टला असतेस? मी मंगळ गुरू शनि, दुपारची. म्हाताऱ्याशी बोलायला कंटाळा नसंल तर मेसेज टाक.

अंजिरी_बर्फी

मंगळ गुरू शनि, दुपारची. काका मी वजन खोटं सांगते, आधीच सांगून ठेवते.

मिरजेचा_म्हातारा

मशीन खोटं बोलत न्हाई. ये तू.

गोदाकाठ

अपडेट देते, चार जणांनी व्यनि (खाजगी मेसेज) करून विचारलं म्हणून.

रविवारी रात्री काही लिहिलं नाही. सोमवारी सकाळी ७ ला उठले (आता उठायची गरज नसते, पण डोळे उघडतातच) आणि फिस्टुल्याला फोन लावून रेकॉर्ड केलं. माझा फिस्टुला अजून आहे, बंद केलेला नाही. साडेसातला पाठवला, वर फक्त लिहिलं, फ्रीज चालू.

निळ्या खुणा झाल्या. काही नाही. पावणेआठ. आठ. मी गोळ्यांचा डबा भरत बसले, आई विचारते काय झालं, म्हटलं काही नाही. ९ ची गोळी घेतली. सव्वानऊला तिचं आलं, तिचा पण फ्रीज, पण तो आवाज मशीनच्या भोंग्यात अर्धा बुडालेला, मागे कोणीतरी सिस्टरला हाका मारतंय.

मग लिहिलं तिनं, "काय करायलीस गं सात नंबर."

मी म्हटलं, डबा भरतेय, दिवसाला बावीस गोळ्या. चेहऱ्याचा फोटो पाठवला. तिने हसून हसून मशीनचा अलार्म वाजवला म्हणे, हात हलला म्हणून. लिहिते, "लई गोड दिसायलीस, तूप घालून खावं वाटतंय." मग मी विचारलं आज किती आणलंस, तर म्हणाली दोन आठशे, काल पोराचा वाढदिवस होता, आइस्क्रीम. मी म्हटलं मेलीस. ती म्हणाली हां, आता कसं.

बराच वेळ बोललो. मधे तिला गोळे आले तेव्हा वीस मिनिटं गप्प होती, मी ऑनलाइन बसून राहिले. तिने सांगितलं की त्या पाच दिवसांत तिला माझा राग नव्हता आला, तिला घरातल्या सगळ्यांचा आला होता, पोरगं नळाला तोंड लावून प्यायलं तर त्याला मारलं तिने, आणि मग ते मला कसं सांगणार म्हणून काहीच लिहिलं नाही. मग तिच्याकडून पण फुलं सुरू झाली.

अकराला लिहिलं, "उतरले." आणि पाच मिनिटांनी, बहुतेक सुईच्या जागी कापूस दाबून बसली असेल तेव्हा, एक आलं.

"ए, ते पाणी कसलं होतं? माठातलं का?"

म्हटलं नाही गं, इन्फेक्शनच्या भीतीने उकळून गार केलेलं, स्टीलच्या बाटलीतलं.

"शी. उकळलेलं? त्याला काय चव असते का."

म्हटलं अजिबात नाही.

"बरं झालं," म्हणाली.